खुलासा : गप्प बसलेल्या सशाला दुखत नसतं, हे खरं नाही

"जखमी ससा ओरडत नाही तोवर त्याला दुखत नाही, निरोपाचा, म्हणजे डॉक्टरांकडून शांत मरण देण्याचा, विचार नको," असं मागे मीच लिहिलं होतं. ते चूक होतं आणि अजून फिरतंय, म्हणून हा खुलासा. ससा दुखणं लपवतो. आमचा ससा कापूस कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले, नाकापुढची कोथिंबीर तशीच, दात करकर वाजत होते. ही वेदनाच, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. १२ तास खाणं, लेंड्या बंद म्हणजे जिवावरचं. लगेच दवाखाना गाठा. नुसता पाय मोडला तर निरोप नको, तीन पायांवरही ससे छान जगतात. पण मणका मोडून मागच्या पायांची संवेदनाच गेली, औषधानेही दुखणं थांबेना, तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तिथे हा टाका.