मामाचा फॉरवर्ड आणि मार्चमधले होम रन

माझ्या मोठ्या भावाने सांगलीहून घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत बेसबॉलचा संघ निवडताना वशिला नाही, नाव नाही, जुनी पुण्याई नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘स्प्रिंग ट्रेनिंग’चं शिबिर भरतं, सगळे शून्यापासून सुरू करतात, तीसेक सराव सामने होतात. जो मारतो तो संघात, जो चुकतो तो घरी. मार्च खोटं बोलत नाही. मार्चमध्ये सर्वांत जास्त होम रन (आपला षटकार समजा) मारणाऱ्याला कोणाचा बाप बाहेर ठेवू शकत नाही. शेवटी जोडलेले हात आणि ‘आपल्या निवड समित्यांनी शिकावं’.

मी सोडून दिलं असतं. पण माझा मुलगा इथे न्यू जर्सीत शाळेच्या संघात खेळतो. त्याचे सराव सामने नुकतेच वाईट गेलेत. मामाने पाठवलंय म्हणजे खरंच असणार, या हिशेबाने त्याने ते वाचलं आणि जेवताना म्हणाला, “आई, मार्चमध्ये नाही जमलं म्हणजे संपलंच ना.” तेव्हा दादा, आता ऐक.

आधी तो ‘कोणाचा बाप’. 2015 चा मार्च, शिकागो कब्ज, क्रिस ब्रायंट. 40 वेळा बॅट घेऊन उभा राहिला, 17 हिट (बेसवर पोहोचवणारे फटके) मारले. सरासरी .425 (17 भागिले 40), होम रन 9. त्या शिबिरांत इतके होम रन दुसऱ्या कोणीच मारले नव्हते. तुझ्या मेसेजच्या नियमाने पोरगा पहिल्या दिवशी मैदानात हवा. कब्जने त्याला आयोवाला, खालच्या लीगमध्ये पाठवलं. कारण सांगितलं की त्याची फील्डिंग अजून कच्ची आहे. 17 एप्रिलला, हंगाम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते तोवर, त्याला वर बोलावलं. इतक्या दिवसांत फील्डिंग किती पिकली असेल ते तूच ठरव.

खरा हिशेब कॅलेंडरचा होता. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, 172 दिवस भरले की एक वर्षाची नोकरी धरतात. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हव्या त्या क्लबशी करार करायला. ब्रायंटचे त्या हंगामात भरले 171. एक दिवस कमी! त्या एका दिवसापायी त्याचं मोकळं होणं वर्षभर पुढे गेलं. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू. त्याच्या वतीने खेळाडूंच्या संघटनेने तक्रार केली, आणि 2020 मध्ये लवादाने निकाल क्लबच्या बाजूने दिला. वशिला नाही म्हणे. वशिला नसेल, पण मुनीम आहे, आणि तो होम रन मोजत नाही, दिवस मोजतो.

(2022 च्या करारानंतर ही चलाखी थोडी महाग झाली. आता नवोदितांच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. एवढं मान्य.)

‘सगळे शून्यापासून’ हे तर निव्वळ काव्य. शिबिरात साठ-सत्तर जण, जागा 26, आणि त्यातल्या बहुतेक करारांनी आधीच भरलेल्या. भांडण उरतं दोन-चार जागांचं. तिथेही नियम आडवा येतो. तरुण खेळाडूला क्लब तीन हंगामांपर्यंत खाली-वर हलवू शकतो. ती मुभा संपलेल्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या सगळ्या क्लबांपुढे ठेवावं लागतं, आणि कोणीही त्याला उचलून नेऊ शकतो. म्हणून मुभा संपलेला राहतो आणि मुभा शिल्लक असलेला पोरगा, त्याने मार्च गाजवला तरी, बॅग भरतो.

‘जो चुकतो तो घरी’: शोहेई ओहतानी, 2018, एंजल्स. अ‍ॅरिझोनातल्या त्या सराव सामन्यांत 32 वेळा बॅटिंग, 4 हिट. पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून दर नऊ डावांमागे 27 धावा दिल्या. घरी गेला का? त्याने बॅटिंगमधला पाय उचलणं तेवढं सोडलं आणि हंगामाअखेर सर्वोत्तम नवोदित ठरला. उलट बाजूला जॅकी ब्रॅडली ज्युनियर. 2013 मध्ये बॉस्टनच्या शिबिरात .419, त्या जोरावर संघात, आणि खऱ्या हंगामात .189.

मार्च खोटं बोलत नाही, बरोबर. तो बोलतच नाही फारसं. पिचर चेंडू टाकायची नवी तऱ्हा घोटून बघत असतो, मार खाल्ला तरी त्याला फिकीर नसते. पाचव्या-सहाव्या डावानंतर नावाजलेले आंघोळ करून निघून जातात आणि पाठीवर नव्वदीतले आकडे असलेली, खालच्या लीगमधली पोरं येतात. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू लांब जातो तो वेगळाच. ‘बेसबॉल-रेफरन्स’ या संकेतस्थळावर या सामन्यांच्या आकड्यांशेजारी प्रतिस्पर्ध्यांचा दर्जाही दिलेला असतो, 10 म्हणजे मेजर लीग. होम रन कोणाला मारला ते त्यावरून कळतं.

आता नाइलाजाने दोन गोष्टी कबूल करते. एक, अल्बर्ट पुहोल्स. 2001 मध्ये त्याने मार्चमध्ये असा खेळ केला की कार्डिनल्स क्लबला त्याला ठेवावंच लागलं. मग हंगामभर .329 आणि 37 होम रन. मात्र शिबिराच्या शेवटी त्याच संघातल्या अनुभवी बॉबी बोनियाचा मांडीचा स्नायू दुखावला नसता तर जागा कुठली होती? दोन, डॅन रोझनहेक नावाच्या पत्रकाराने 2015 मध्ये एमआयटीच्या स्लोन या खेळांच्या आकडेवारीवरच्या परिषदेत दाखवलं की मार्चचे आकडे अगदीच रद्दी नाहीत. पण कामाचे ठरतात ते सरासरी किंवा होम रनपेक्षा जास्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) यांचं प्रमाण. फॉरवर्डमध्ये ते कुठेच नाही.

तर माझ्या पोराचा हिशेब, दादा, तुझ्या माहितीसाठी. सराव सामन्यांत 11 वेळा बॅटिंग, हिट 1. पण स्ट्राइकआउटही फक्त 1. हे मी त्याला कागदावर लिहून दाखवलं. तू आता ग्रुपवर ते टाक, मामाने पाठवलं की त्याला खरं वाटतं.