मच्छरदाणीवाला सीन बघितलात का? (कमेंटला उत्तर)

माझ्या 'योत्सुया काइदान'वरच्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली, आधी रागात आणि मग चहा घेऊन. तुमचं म्हणणं असं की 'योत्सुया काइदान' हे तिकिटं खपवायला लिहिलेलं जपानी काबुकी शैलीतलं भुताचं नाटक, लिहिणारा पुरुष, मरून भूत होणारी नायिका ओइवा करणारा पुरुष, त्यात मी उगाच बायकांवरचा अन्याय घुसडतेय, आणि बाईला विद्रूप भूत करणं हाच खरा अपमान.

तिकिटांचं मान्य. १८२५ साली एदोच्या (म्हणजे आजच्या तोक्योच्या) नाकामुरा-झा थिएटरात हे लागलं, आणि चौथा त्सुरुया नाम्बोकु पक्का धंदेवाला नाटककार होता. बायकांना १६२९ पासून काबुकीच्या स्टेजवर बंदी, त्यामुळे ओइवा तिसरा ओनोए किकुगोरो या नटाने केली. (बालगंधर्वांचं कौतुक करताना आपण हा हिशोब काढत नाही, पण असो.)

पण तुम्ही भुतावरच अडकलात हो! मी घाबरले ते भूत यायच्या आधी. ओइवा बाळंतीण, अंगात ताकद नाही, आणि नवरा इएमोन, बेकार सामुराई, घरातलं एकेक गहाण टाकायला निघालाय. आईची आठवण म्हणून ठेवलेली फणी मागतो, ती देत नाही, मग अंगावरचे कपडे घेतो, तेही पुरेना म्हणून मच्छरदाणी ओढतो. बाळाला डास फोडून काढतील म्हणून ती मच्छरदाणी सोडत नाही, हा हिसका देतो आणि तिची नखं उपटून निघतात. यात भूत कुठंय? एक नवरा आणि एक मच्छरदाणी, बस.

त्याच्या थोडं आधी शेजारच्या श्रीमंत घरातून बाळंतिणीचं औषध आलेलं असतं. ती हात जोडून, आभार मानत, शेवटचा कणही वाया न घालवता प्यालेली असते. ते चेहरा विद्रूप करणारं विष असतं, कारण त्यांच्या नातीला इएमोन हवाय. आणि इएमोन काय करतो, तर ताकुएत्सु नावाच्या मालिशवाल्याला सांगतो की हिच्या मागे लाग, म्हणजे बदफैलीचा आळ घेऊन हिला हाकलता येईल. त्या काळी नवऱ्याने साडेतीन ओळींची चिठ्ठी लिहिली की काडीमोड झाला. बाईला तसली चिठ्ठी लिहायची सोय नाही, फार तर पळून कामाकुराच्या तोकेइजी मठात आसरा घ्यायचा आणि तिथे काही वर्षं काढायची. समोर बसलेल्या प्रेक्षकांना हे काय वेगळं सांगायला हवं होतं?

आता विद्रूप चेहऱ्याचं. खरं कळल्यावर ओइवा शेजाऱ्यांना जाब विचारायला निघते, पण लग्नाची बाई अशा अवतारात कशी जाईल म्हणून आधी तिथल्या लग्न झालेल्या बायकांच्या रीतीप्रमाणे दात काळे करते, मग त्याच आईच्या फणीने केस विंचरते, आणि केस झुपक्याझुपक्याने हातात येतात, रक्त ठिबकतं. सगळं गेलंय तरी बाई रीत पाळतेय आणि नाटक तिथे मुद्दाम रेंगाळतं. मला तो अपमान वाटला नाही, उलट त्या रीतीचीच किळस आली.

आणखी एक, हे पहिल्यांदा 'चुशिंगुरा' या स्वामिनिष्ठेच्या गाजलेल्या नाटकाबरोबर दोन दिवसांत गुंफून दाखवलं होतं. तिकडे धन्यासाठी जीव देणारे ४७ इमानी रोनिन (धनी गमावलेले सामुराई), इकडे त्याच धन्याच्या पदरचा इएमोन. हे काय सहज झालं असेल?

तुमचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, की ओइवाचं ऐकून घ्यायला तिला आधी मरावं लागतं. खरंय. नाम्बोकुला स्त्रीमुक्ती करायची होती असं मी लिहिलेलंही नाही, पोस्ट परत बघा.

'ते एदो होतं, आता काय त्याचं' याला एवढंच, की २०१८ मध्ये तोक्योच्या एका मेडिकल कॉलेजने प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क कापल्याचं उघड झालं, आणि नवराबायकोचं आडनाव एकच पाहिजे हा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ आणि २०२१ ला, दोन्हीदा कायम ठेवला. आडनाव बहुतेक वेळा कोण बदलतं ते सांगायला नको.

सबटायटलवालं रेकॉर्डिंग मिळालं तर दुसरा अंक बघा आणि भूत यायच्या आत बंद करा. मग भांडू.