कांदळवन कोणी वाचवले?

"कोकणचा किनारा शिल्लक आहे तो कंपन्यांच्या दानामुळे, सरकार झोपले होते, गावकऱ्यांना जाण नव्हती, कंपन्यांनी कांदळवनाची, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीची, लाखो रोपे लावली," अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर सतत फिरत असतो. किनाऱ्यावर कंपन्यांचा पैसा आला आहे, एवढे त्यात खरे आहे. बाकीचे तपासून घ्यावे लागते.

'दान' हा शब्दच चुकीचा आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना, उदाहरणार्थ ५ कोटी किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्यांना, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. दुसऱ्या कायद्याने लादलेली जबाबदारी पार पाडली तर तो खर्च यात धरता येत नाही. म्हणजे प्रकल्पासाठी तोडलेल्या कांदळवनाच्या बदल्यात परवानगीच्या अटीनुसार केलेली लागवड ही परतफेड आहे. तिचे उपकार कसले?

सरकार झोपले होते, हा आरोप अर्धा मान्य करता येईल, पण त्याला जागे केले ते न्यायालयाने. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीला मनाई केली, २०१२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष उभा राहिला आणि २०१८ च्या निकालाने ती मनाई आणखी पक्की झाली.

राहिला लाखो रोपांचा आकडा. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि हातभर लांब शेंगेसारखे लोंबत राहते. ते चिखलात खोचणे इतके सोपे असते की तासाभरात शेकडो लावून छायाचित्रही काढता येते. पण ओहोटीला उघडा पडणारा सपाट चिखल हा चिखल्या, तुतवार अशा पक्ष्यांचा चरण्याचा पट्टा असतो, आणि जिथे पाणी फार वेळ साचून राहते तिथे रोप गुदमरते किंवा त्याला चिकटणाऱ्या बार्नेकल या कवचधारी समुद्री जीवांच्या ओझ्याने वाकते. याउलट अडवलेल्या खाडीची मोरी, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, मोकळी करून भरतीचे पाणी आत येऊ दिले, तर जवळपास झाडे असल्यास तिवर हे कांदळवनातले झाड पुष्कळदा आपोआप उगवते. मात्र मोरीपुढे उभे राहून काढलेला फोटो अहवालात तितका शोभत नाही. लावलेल्या रोपांचा आकडा सगळे सांगतात, तीन वर्षांनी जगलेल्यांचा क्वचितच कोणी.

गावकऱ्यांना जाण नव्हती म्हणणाऱ्यांनी मंडणगड तालुक्यातील वेळासला जावे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, वर टोपली पालथी घालायची, सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची, आणि पिल्ले समुद्राकडे सोडायची. पुढे पर्यटक आले, घराघरांत त्यांच्या जेवणाची सोय झाली. रोजगार आला तो या क्रमाने.

कंपनीच्या बाजूने सांगण्याजोगे उदाहरण गुजरातचे आहे. २००१ मध्ये व्हेल शार्क या महाकाय माशाला कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर, २००४ मध्ये टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरात वनविभाग यांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोहीम काढली. रामकथाकार मोरारी बापूंनी या माशाची तुलना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीशी केली, आणि पूर्वी त्याची शिकार करणारे मच्छीमार जाळ्यात अडकलेला मासा सोडू लागले. त्यासाठी महागडे जाळे कापावे लागते, म्हणून भरपाईची सोय झाली, आणि ती वनविभागाने दिली. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजनाही शासनाचीच आहे.