पंचनाम्याला भाऊसाहेब, घरपट्टीला वसुलीवाला

आज सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. "वसुलीवाला फिरतोय, दारं लावून घ्या." खाली पंधरा-वीस हसरे चेहरे. तो वसुलीवाला म्हणजे मी. श्रीवर्धन तालुक्यात ग्रामसेवक आहे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय). असे कितीतरी मार्च काढले, पण आजचं मनाला लागलं.

3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळ येऊन गेलं आणि तलाठी, कृषी सहाय्यक नि मी आडव्या झालेल्या माड-पोफळींतून वाट काढत पंचनामे करत होतो. एका आजीच्या घरावर कौल शिल्लक नव्हतं. वाडीत एक पोफळ उभी नव्हती. मी लिहून घेतोय, तर तिने डब्यातून भिजलेल्या पावत्या काढल्या. "भाऊसाहेब, यंदाची घरपट्टी राह्यली हो माझी."

छप्पर नसलेल्या घराची घरपट्टी!

आणि मेसेज टाकणारे हे गृहस्थ? मुंबईला असतात. समुद्राकडेला बंगला, सुट्टीत पर्यटकांना भाड्याने. घरपट्टी, पाणीपट्टी तीन वर्षं थकलेली. त्या जूनमध्ये दिवसातून चारदा फोन यायचा, "भाऊसाहेब, आमच्या पत्र्यांचा पंचनामा आधी घ्या." तेव्हा नव्हतं दार लावावंसं वाटलं? 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आधी बिल, मग मागणी लेख, मग जप्ती. मी बिलावरच वर्षभर थांबलो, तरी म्हणतात खोतासारखा वागतो. अहो, खोती 1949 च्या कायद्याने गेली! खोत गावचा सारा गोळा करायचा, सरकारचं सरकारला देऊन वरचं घरात ठेवायचा. मी घेतलेल्या पैशाची पावती फाटते, तो ग्रामनिधीत जातो. त्यातूनच पाखाडीवरचा, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेवरचा, दिवा लागतो, ज्या पाखाडीने तुमचा गणपती घरी येतो.

आमच्यातल्या काहींनी एका दाखल्यासाठी लोकांना हेलपाटे घालायला लावले, खरं आहे. आणि चार भावांच्या बंद घराची पट्टी कोणी भरायची हे भावकीत ठरत नाही, तेही कळतं मला. पण बंगल्याचं काय?

असो. दुपारी आजीकडे गेलो होतो. नव्या पोफळी डोक्याच्या वर गेल्यात. तिने ओटीवर बसवलं, कोकम सरबत दिलं, रुमालाची गाठ सोडून पैसे दोनदा मोजले. पावती घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि मगच डब्यात ठेवली. "आता नाही हो भिजायची," म्हणाली.