"छोट्या विमानाला आग लागायची तर लागतेच, नियमांनी काय होतंय" या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी वाचला असेल. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की सेसना-पायपरसारख्या छोट्या विमानाचं इंजिन म्हणजे गाडीचंच इंजिन, एक चांगला मेकॅनिक असला की पुरे. आग लागणं हा नशिबाचा भाग. तपासण्या, लॉगबुक, सह्या हा सगळा कागदी खेळ आणि त्याच्यामुळेच फ्लाइंग महाग झालंय. आणि समजा आग लागलीच तर पायलटने नाक खाली घातलं की वाऱ्याने विझते.

मी पिस्टन इंजिनांवर काम करतो, त्यामुळे हा मेसेज सोडून देता येत नाही. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे अठरा-वीस वर्षांची आपली पोरं याच विमानांतून एकट्याने सोलो उडतायत आणि त्यांचे आईवडीलही हेच वाचतायत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"गाडीचंच तर इंजिन आहे"

नाही. सेसना १७२ मधलं लायकमिंग कंपनीचं हे हवेने थंड होणारं इंजिन, त्याच्याभोवती घट्ट काउलिंग (इंजिनावरचं पत्र्याचं झाकण), आणि त्या एवढ्याशा जागेत पेट्रोलच्या लाइन, ऑइलचे होज (लवचिक नळ्या), मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र), वायरिंग आणि लालबुंद व्हायची तयारी असलेला एक्झॉस्ट हे सगळं एकमेकांपासून वीतभर अंतरावर. एक्झॉस्टमधून जाणारा गॅस साधारण आठशे डिग्री सेल्सिअसच्या आसपास असतो. विमानाचा सांगाडा ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते ६६० डिग्रीच्या आतच वितळतं. आणि एव्हगॅसची, म्हणजे विमानाच्या पेट्रोलची, वाफ तर आपल्याकडच्या कुठल्याही हवेत पेट घ्यायला तयारच असते, थंडीतसुद्धा. गाडीतून धूर आला तर तुम्ही बाजूला घेता, दार उघडता, उतरता. वर तीन हजार फुटांवर उतरायचं कुठे? एवढा एकच फरक धरला तरी तुलना संपते.

"आग नशिबात असते"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. कारण इंजिनाच्या आगीत नशिबाचा भाग फार थोडा असतो. आग लागते ती पेट्रोल किंवा ऑइल नको तिथे गळलं आणि ते गरम भागावर किंवा ठिणगीवर पडलं म्हणून, नाहीतर एक्झॉस्टला तडा जाऊन आतला गॅस नको तिथे फुंकला गेला म्हणून. आणि या गळायच्या, तडकायच्या जागा काही गूढ नाहीत, त्या पार्ट नंबरसकट माहीत आहेत.

उदाहरण घ्या. लायकमिंगच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या इंजिनांत वरच्या डिस्ट्रिब्युटरपासून प्रत्येक सिलिंडरला एक बारीक स्टीलची नळी जाते. ती योग्य जागी क्लॅम्पने धरलेली नसेल तर इंजिनाच्या थरथरीने टोकाशी चीर पडते आणि पेट्रोलचा फवारा थेट गरम इंजिनावर उडतो. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने यावर एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह काढला, आम्ही त्याला एडी म्हणतो, म्हणजे पाळल्याशिवाय विमान उडवताच येत नाही असा आदेश. १९९० च्या दशकापासून तो पुन्हा पुन्हा सुधारला गेला, २००८, २०११, २०१५ अशा आवृत्त्या आल्या, दरवेळी आणखी काही इंजिन मॉडेल त्यात आली. सांगितलंय काय त्यात? नळ्या बघा, क्लॅम्प आहेत का बघा, चीर किंवा घासल्याची खूण दिसली तर नळी बदला आणि साधारण शंभर-एकशे दहा तासांनी हे परत करा. बस. टॉर्च, आरसा आणि थोडा वेळ एवढंच लागतं.

पायपर पीए-२८ आणि पीए-३२ च्या ऑइल कूलरच्या होजचंही तसंच. एडी ९५-२६-१३ म्हणतो की ते होज ८ वर्षं किंवा १००० तास, जे आधी होईल तेव्हा बदला, कारण रबर वरून चांगलं दिसतं आणि आतून कडक होऊन फुटतं. त्याऐवजी आगीत टिकणारे टाइप डी होज बसवले की ती परत परत तपासायची कटकटच संपते. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी सुटकेची वाटही त्यातच दिलीये, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलं नाही. रोटॅक्स इंजिनांत तर रबरी होज पाच वर्षांनी बदलायचेच असं कंपनीचं मॅन्युअल सांगतं, विमान उडो वा न उडो.

"चांगला मेकॅनिक असला की पुरे"

चांगला मेकॅनिक हवाच, त्याशिवाय काहीच होत नाही. पण तो किती विमानं बघणार? एका हँगरमधली आठ-दहा. त्याला आयुष्यात एकदाही व्ही-बँड कपलिंग तुटलेलं दिसणार नाही कदाचित, आणि म्हणून त्याला वाटेल की ते तुटतच नाही.

हे कपलिंग काय असतं ते सांगतो, कारण इथेच सगळं उत्तर आहे. टर्बोचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र) असलेल्या इंजिनात टर्बोच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाला टेलपाइप जोडलेला असतो, आणि तो जोड धरून ठेवतो स्टीलचा एक पातळ पट्टा, एका बोल्टने आवळलेला. काही प्रकारांत या पट्ट्याच्या आत इंग्रजी व्ही अक्षरासारखे तुकडे स्पॉट वेल्डने चिकटवलेले असतात. तापणं, थंड होणं, थरथरणं, बोल्ट जास्त आवळणं, याने तडा सुरू होतो तो नेमका त्या स्पॉट वेल्डपाशी, पट्ट्याच्या आड, जिथे डोळा पोचत नाही. बाहेरून पट्टा चकचकीत. आणि एक दिवस तो सुटला की टेलपाइप बाजूला आणि सगळा पेटता गॅस काउलिंगच्या आत. फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), पेट्रोलच्या लाइन, इंजिन माउंट, सगळं त्या झोतासमोर.

आता कितीही हुशार माणूस असू दे, न दिसणारा तडा तो कसा बघणार? म्हणून २०२३ साली एफएएने एडी २०२३-०९-०९ काढला आणि सांगितलं की टेलपाइपच्या जोडावरचं हे स्पॉट वेल्डवालं कपलिंग ५०० तास झाले की काढून टाकायचं, कितीही चांगलं दिसलं तरी. हे एका हँगरमधून कळणं शक्यच नव्हतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या मॉडेलच्या विमानांत वर्षानुवर्षं झालेले बिघाड आणि अपघात एकत्र ठेवले तेव्हा दिसलं की गुन्हेगार एकच पट्टा आहे. आधी एकेका मॉडेलसाठी वेगळे एडी निघत होते, मग सगळ्यांसाठी एक. माझ्या मते उशीर झाला, हे आधीच व्हायला हवं होतं. पण म्हणून नियम नकोत असं कसं होईल, नियम लवकर हवा होता असं होईल ना.

सेसनाच्या टर्बो ट्विन (दोन इंजिनांची विमानं), म्हणजे ३०० आणि ४०० सिरीजचीही हीच गोष्ट. १९७५ पासून एक्झॉस्टवर एडी होता, तरी तडे आणि आगी येत राहिल्या, तेव्हा २००० साली एडी २०००-०१-१६ ने तो जास्त कडक केला, एक्झॉस्टची दर ५० तासांनी डोळ्यांनी तपासणी आणि त्याशिवाय ठराविक काळाने पाइप उतरवून बघणं. जुना नियम कमी पडला तर तो सुधारतात, हे त्याचंच उदाहरण.

आणि आपल्याकडे हे लागू कसं होतं असं कोणी विचारेल. विमान ज्या देशात डिझाइन झालं त्या देशाने काढलेला असा आदेश आपलं डीजीसीए, म्हणजे भारताची विमान नियामक संस्था, इथल्या विमानांना बंधनकारक करतं. म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या शेतावर तुटलेल्या पट्ट्याचा धडा गोंदियाच्या हँगरमधे येतो. कुठल्याही एकट्या मेकॅनिकच्या अनुभवाने हे झालं नसतं.

"लॉगबुक म्हणजे कागदी खेळ"

इथे मी इंजिनाची नसलेली एक आग सांगणार आहे, कारण कागदाला खेळ समजल्यावर काय होतं ते तिच्यात लख्ख दिसतं. १० जुलै २००७, अमेरिकेत फ्लोरिडामधलं सॅनफर्ड गाव. नॅसकार या मोटर रेसिंगच्या संस्थेच्या मालकीचं सेसना ३१०आर. आदल्या दिवशी त्याच विमानाच्या पायलटला वेदर रडार बंद पडल्याचं दिसलं, जळाल्याचा वास आला, त्याने सर्किट ब्रेकर ओढला, वास गेला. त्याने हे रीतसर लिहून दिलं. कंपनीत वाचलं गेलं. दुरुस्ती झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान उडायला दिलं. बहुधा उड्डाणाआधीच्या तयारीत तो ब्रेकर परत आत दाबला गेला. हवेत धूर झाला, विमान घरांच्या वस्तीत कोसळलं. आतले दोघे आणि जमिनीवरचे तिघे गेले. तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी संस्थेने कारणात स्पष्ट लिहिलं की माहीत असलेला बिघाड तसाच ठेवून विमान सोडलं, आणि तो माहीत असूनही ते उडवलं.

तर कागद तिथे होता, आणि त्या कागदावर पाच जणांचा जीव वाचवणारी माहिती होती. वाचून पुढची सही रोखणारा माणूस नव्हता. "लॉगबुकमधे काय लिहायचं, चालवून घेऊ" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, थोडा रागानेच सांगतो.

"नियमांनी फ्लाइंग महाग केलं"

यात खरं आहे ते मान्य करतो. छोट्या विमानांचे अमेरिकन डिझाइन नियम, पार्ट २३, वाढत वाढत फार जड झाले होते. म्हणून तिथे २०१३ मधे कायदा झाला आणि २०१७ च्या ऑगस्टपासून पार्ट २३ नव्याने लिहिलेला लागू झाला, बारीकसारीक पद्धत सांगण्याऐवजी काय साध्य व्हायला हवं ते सांगणारा. खर्च कमी व्हावा हा उद्देश उघड होता. पण बघा, एवढी काटछाट करताना इंजिनाच्या आगीपासून संरक्षणाची अट काढली नाही, ती नव्या नियमांतही वेगळं कलम म्हणून आहे.

आणखी एक गोष्ट खरी आहे, प्रत्येक वेळी होज काढून परत बसवताना चूक व्हायची शक्यता असते, उगाच उघडझाप नको. म्हणून तर चांगला एडी नेमका असतो, ही नळी, हा जोड, एवढे तास.

आपल्याकडे या मुद्द्यावर लगेच अमोल यादवांचं नाव येतं. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया मधे दाखवलं, आणि परवानग्यांसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे. त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि फायली अडकतात ही तक्रार रास्त आहे. पण ती तक्रार दिरंगाईबद्दल आहे. त्यातून "फायरवॉल आणि होजची तपासणी नको" असं काढणं म्हणजे त्यांच्या कष्टांचा गैरवापर आहे.

"नाक खाली घाला, आग विझते"

अर्धवट माहिती, आणि ही खरोखर धोकादायक. सेसना १७२एस चं हँडबुक काय म्हणतं? आधी मिक्स्चर कट-ऑफ (इंजिनाला जाणारं पेट्रोल तोडणं), मग फ्युएल शटऑफ बंद, पंप बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, केबिनची हीट आणि हवा बंद, आणि मग वेग १०० नॉट (ताशी साधारण १८५ किलोमीटर). तेवढ्याने विझली नाही तर वेग आणखी वाढवून बघा. म्हणजे पेट्रोल तोडणं पहिलं, वारा नंतर. पेट्रोल चालू ठेवून नाक खाली घातलं तर तुम्ही आगीला खायला घालत खाली येताय. जमिनीवर स्टार्ट करताना कार्ब्युरेटरमधे आग लागली तर तर उलटंच, घाबरून स्टार्टर सोडायचा नसतो, फिरवत राहायचं म्हणजे ज्वाळा इंजिनात ओढली जाते. हे विद्यार्थ्याला पाठ असतं कारण ते हँडबुकमधे आहे आणि चेकराइडला, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षेला, विचारतात.

आणि विझली नाहीच तर? हिशोब करा. १७२ इंजिन बंद करून सगळ्यात लांब तरंगवलं तर एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं, म्हणजे तीन हजार फुटांवरून जमिनीवर यायला चारेक मिनिटं. शंभर नॉटला त्याहून कमी. ही चार मिनिटं पायलटच्या आणि आगीच्या मधे काय असतं? फायरवॉल. जुन्या पार्ट २३ प्रमाणे स्टेनलेस स्टीलचा पत्रा असेल तर तो वेगळी चाचणी न घेता चालतो, पण जाडी किमान ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलीमीटर हवी. फायरप्रूफ म्हणवून घ्यायचं तर अकराशे डिग्रीच्या आसपासच्या ज्वाळेत १५ मिनिटं टिकायचं, पेट्रोल-ऑइलच्या लाइन निदान ५ मिनिटं. आणि पेट्रोल बंद करायचा व्हॉल्व्ह फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला ठेवायचा नाही, हाही नियमच, नाहीतर आग लागल्यावर तो व्हॉल्व्हच जळाला तर बंद काय करणार.

हे आकडे मात्र पत्रा अखंड असेल तरच खरे. कोणीतरी जुना रेडिओ काढला, त्याची वायर ओढून घेतली आणि फायरवॉलला पेन्सिलीएवढं भोक तसंच ठेवलं, की तिथून ज्वाळा सरळ पायलटच्या पायाशी. म्हणून ॲन्युअलला, म्हणजे वार्षिक तपासणीला, आम्ही आत दिवा लावून बाहेरून बघतो, कुठून उजेड येतोय का. आला की ते भोक स्टीलच्या चकतीने आणि फायर सीलंटने बंद होईपर्यंत त्या विमानावर सही होत नाही, मालक बाहेर कितीही घाईत उभा असला तरी.