डिस्क बदलूनही स्टिअरिंग हलतंय? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. ब्रेक मारल्यावर गाडी थरथरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घाट उतरताना ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, ब्रेक तिलाच पकडतो) तापते, तापून वाकडी होते, ती बदलायची आणि मोकळं व्हायचं. डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं उपकरण), मायक्रोमीटर (जाडी मोजणारं) ही पुस्तकी थेरं आहेत. आणि ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, तिथे ‘बदलण्याआधी मोजा’ सांगणं म्हणजे लोकांना कंजुषी शिकवणं. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की तुमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क वर्षभरात दोनदा बदलून झाल्या आणि कुंभार्ली घाट उतरताना स्टिअरिंग परत हलायला लागलंय.

मला त्या शेवटच्या ओळीबद्दलच बोलायचं आहे.

नवी डिस्क टाकली की काही महिने गाडी गुण्यागोविंदाने चालते आणि मग हळूहळू बिघडते. घाट तोच, चालवणारे तुम्हीच. दोष फक्त तापण्यात असता, तर नव्या डिस्कने इतके महिने वाट पाहिली नसती. हा उशीरच बहुधा सांगतोय की डिस्क बसते कशावर ते कोणी पाहिलेलं नाही.

डिस्क बसते हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसून फिरतं त्या मधल्या भागावर. चिपळूणकडच्या दमट हवेत हबच्या तोंडावर, विशेषतः स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या) बुडाशी, गंजाचा पापुद्रा धरतो. त्यावर नवी डिस्क ठेवून नट आवळले की ती किंचित तिरकी बसते. हबच्या कडेशी असलेला बारीकसा तिरकेपणा डिस्कच्या बाहेरच्या कडेला आणखी वाढतो. तरीही सुरुवातीला काहीच जाणवत नाही, कारण कॅलिपर (पॅड, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, डिस्कवर दाबणारा चिमटा) पिनांवर सरकून तो डुलणं सांभाळून घेतो. पण पाय ब्रेकवर नसतानाही डिस्कची तीच एक जागा दर फेऱ्याला पॅडला घासून जाते. ताशी ८० च्या वेगाला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण अकरा फेरे घेतं. असे काही हजार किलोमीटर झाले की ती जागा झिजून पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पॅड कधी जाड, कधी पातळ भाग पकडतात, ऑइलचा दाब वरखाली होतो, पेडल पायाला मारतं आणि स्टिअरिंग हलतं. जाडीतला ०.०१५ मिमीचा फरकही यासाठी पुरतो, म्हणजे डोक्याच्या केसाचा चौथा हिस्सा. डोळ्यांनी काय दिसणार? म्हणून मोजायचं. ८० ते १००च्या दरम्यानच जास्त का हलतं, हेही विचारलंय तुम्ही. त्या वेगाला हे धक्के सस्पेन्शनच्या स्वतःच्या लयीशी जुळतात. गाडी ४०वर आली की लय सुटते.

तुमच्या मेकॅनिकच्या तीस वर्षांच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. अडचण वेळेची आहे. हब वायर ब्रशने घासून, काच पेपर मारून लखलखीत करायला अर्धा तास जातो आणि त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. नटही हवेच्या गनने एकापाठोपाठ एक टर्रकन आवळले जातात. ते आधी हाताने, समोरासमोरच्या क्रमाने धरून, शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळायचे असतात. कमीजास्त आवळलेल्या नटांनी चांगली डिस्कसुद्धा तिरकी बसते. ‘लेथवर फिरवून आणा’ हा सल्लाही म्हणूनच अर्धवट आहे. डिस्क लेथच्या हिशेबाने सरळ होऊन येते आणि पुन्हा त्याच गंजक्या हबवर बसते.

डायल गेजला तुम्ही हसलात, पण चुंबकी स्टँडसकट तो साधारण एका डिस्कच्या पैशात येतो. चाक काढायचं, डिस्क सगळ्या नटांनी (खाली वॉशर घालून) पक्की करायची, गेजचं टोक कडेपासून साधारण १ सेंमी आत टेकवायचं आणि डिस्क हाताने फिरवायची. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर माझ्या मते ती तशी बसवून पाठवू नये. डिस्कला जागा ठरवणारा स्क्रू नसेल, तर ती एक स्टड पुढे फिरवून बसवायची आणि परत मोजायचं. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं, फुकटात.

आता कंजुषी. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली, कडेपर्यंत तडा गेला, तर डिस्क बदलायचीच, दोन्ही बाजूंची आणि नव्या पॅडसकट. त्यात वाद नाही. निळसर-काळे डाग पडले असतील तरी बदला, कारण ६५०-७०० अंशांच्या आसपास तापून तिथलं बीड कडक झालेलं असतं, ते लेथनेही जात नाही. म्हणजे उष्णतेचा दोष आहेच, पण तो वेगळ्या वाटेने येतो. घाट संपल्यावर चहाच्या टपरीशी ब्रेक दाबून गाडी उभी धरली, की गरम पॅडचा थर एकाच जागी डिस्कवर चिकटतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, खाली सपाटीला जरा चालू द्या, मग थांबा. तापल्या चाकांवर पाण्याचा फवारा तर नकोच.

स्टिअरिंग शांत आणि फक्त सीट हलत असेल तर मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक बघायचे असतात; तुमचं प्रकरण तसं दिसत नाही.

तेव्हा तिसरी जोडी घेण्याआधी आहेत त्याच डिस्क उतरवायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. हबवर बोट फिरवून बघा. मायक्रोमीटरने प्रत्येक डिस्कची जाडी गोलाकार आठ ठिकाणी, कडेपासून सारख्याच अंतरावर मोजून घ्या आणि आकडे इथे टाका. त्यांच्यात ०.०१५ मिमी किंवा जास्त फरक निघाला तर हब घासणं हे पहिलं काम. आकडे सारखे आले, तर डिस्कला हात लावू नका. लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधले रबरी सांधे) आणि टाय रॉडचे एंड (स्टिअरिंगचे सांधे) तपासायला लागू.