ठिणगीचा मुहूर्त

वडिलांकडून मला वारसाहक्काने दोन गोष्टी मिळाल्या: गुडघेदुखी आणि १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. दोहोंचा त्रास पावसाळ्यात वाढतो आणि दोहोंवर आमच्या दादरच्या सोसायटीतला प्रत्येक सभासद न विचारता उपाय सांगतो. गुडघ्यांच्या बाबतीत मी आजवर कोणाचेही ऐकलेले नाही. गाडीच्या बाबतीत मात्र सख्ख्या भाच्याचे ऐकले, तिच्या डिस्ट्रिब्युटरला सक्तीची निवृत्ती दिली आणि त्याचे काम प्रोग्रॅम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडे सोपवले.

ज्यांच्या गाड्या बटण दाबल्यावर मुकाट्याने सुरू होतात, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडावी लागते आणि ती नेमक्या क्षणी पडावी लागते. जुन्या गाड्यांत हा मुहूर्त काढण्याचे काम डिस्ट्रिब्युटरकडे असते. इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारा एक दांडा, त्यावर चार कोपऱ्यांचा कॅम आणि त्या कॅमच्या धक्क्याने उघडमीट करणारे पॉइंट, एवढाच त्याचा संसार. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, १२ व्होल्टांचे हजारो व्होल्ट होतात आणि पंगतीत वाढपी फिरावा तसा फिरणारा रोटर ते १, ३, ४, २ या क्रमाने एकेका प्लगच्या पानात वाढत जातो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर हे वाढप सेकंदाला १०० वेळा होते; एकदा जरी हात चुकला तरी गाडी उचकी देते.

गॅरेजच्या भाषेत या डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. हा शब्द ‘ढकला’ या आज्ञार्थाचा अपभ्रंश असावा, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती, कारण ज्या दिवशी आमच्या मेस्त्रींच्या तोंडी तो येई, त्या दिवशी गाडी ढकलावी लागे. प्रत्यक्षात तो ‘डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून आलेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन या गावी, चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने १९०९ साली एका सहकाऱ्यासह ही कंपनी काढली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांना बॅटरीवर चालणारे इग्निशन दिले. त्याआधी हा गृहस्थ दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवीत होता. त्याची कल्पना इतकी पक्की निघाली की ७२ वर्षांनी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या आमच्या गाडीतही तीच होती. दर पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यात बंद पडून मी या केटरिंगसाहेबांचे स्मरण करीत असे, फक्त तेव्हा त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते.

पॉइंटमधले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावे लागते. ते मोजण्यासाठी फीलर गेज नावाच्या पट्ट्यांचा जुडगा मिळतो. मेस्त्रींकडे तो होता, पण त्याचा उपयोग ते बिले वाऱ्याने उडू नयेत म्हणून करीत. अंतर ते मोजत एका विमा एजंटाच्या व्हिजिटिंग कार्डाने. ही पद्धत वडिलांच्या काळापासून निर्वेधपणे चालू होती. पुढे त्या एजंटाचे दिवस फिरले, त्याने पातळ कागदावर कार्डे छापून घेतली आणि आमची गाडी पेडर रोडच्या चढावर धापा टाकू लागली. याला शास्त्रीय कारण आहे. अंतर कमी झाले की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणून ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन मंदावते. विमा एजंटाच्या सांपत्तिक स्थितीचा आपल्या गाडीच्या पिकअपवर परिणाम होत आहे, असे मी घरी सांगितले, तेव्हा हिने काही न बोलता मला पाण्याचा पेला आणून दिला.

टायमिंग लावण्याची मेस्त्रींची रीत तर पाहत राहावी अशी होती. इंजिन चालू ठेवून ते डिस्ट्रिब्युटरचा खालचा बोल्ट सैल करीत, अख्खा डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवीत आणि तंबोरा जुळवणाऱ्या गवयासारखे डोळे मिटून ऐकत. मग एकदम ‘लागला’ म्हणून बोल्ट आवळत. काय लागले, हे मला कधीच ऐकू आले नाही, तरी मी मान डोलवीत असे. मैफलीतही मी तेच करतो.

हे सारे असेच चालले असते. पण सुट्या भागांनी दगा दिला. काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावर होती तोवर टॅक्सीवाल्यांच्या पुण्याईने आमचेही भागत होते. २०२३ च्या ऑक्टोबरात २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि दुकानदार आमच्याकडे दिवंगतांच्या नातेवाइकांकडे पाहावे तसे पाहू लागले. जे पॉइंट मिळत, त्यांची कॅमला घासणारी टाच पंधरा दिवसांत झिजे, म्हणजे अंतर पुन्हा कमी होई आणि विमा एजंट पातळ कार्डे छापू लागल्यासारखी स्थिती दर पंधरवड्याला येई.

भाचा ठाण्याला राहतो आणि कारखान्यांतल्या यंत्रांना संगणक जोडून देण्याचे काम करतो. त्याने बॉनेट उघडून पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “मामा, हे सगळं काढून टाकू. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, बसवू, लॅपटॉप जोडू, ठिणगी कधी पाडायची ते आपण ठरवू.” त्या ‘आपण’मध्ये काय दडले आहे, हे मला त्या वेळी उमगले नाही.

पहिले काम होते एका दातेरी चक्राचे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर ३६ दातांचे पोलादी चक्र बसवायचे आणि त्यातला एक दात मुद्दाम गाळायचा. दर दहा अंशांना एक दात समोरून जातो, सेन्सर ते मोजत राहतो आणि जिथे दात नाही तिथे ईसीयूला कळते की फेऱ्यातले आपले ठिकाण कोणते. जपमाळेला मेरुमणी असतो तसा हा प्रकार. फक्त इथे मणी नसणे हाच मेरुमणी. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली त्याच कुर्ल्यातल्या एका कारागिराला मी नकाशा देऊन आलो. आठवड्याने त्याने चक्र हातात ठेवले, तर त्याला ३६ दात पूर्ण होते. “साहेब, नकाशात एक दात राहून गेला होता,” तो समाधानाने म्हणाला, “मी घालून दिला. जास्तीचे पैसे नकोत.” मी त्याला तो दात काढून टाकायला सांगितले, तेव्हा सुताराला नव्या पाटाचा एक पाय काप म्हणून सांगितल्यावर त्याचा चेहरा जसा होईल, तसा त्याचा झाला. ते काम पोऱ्यावर सोपवून तो चहाला निघून गेला आणि चक्र माझ्या पिशवीत जाईपर्यंत परतला नाही.

दुसरे काम कॉइलचे. नव्या पद्धतीत दोन कॉइल चार प्लगांना पुरतात, कारण १ आणि ४ क्रमांकाच्या सिलिंडरांत एकदमच ठिणगी पडते, तशीच २ आणि ३ मध्ये. त्यांपैकी एक ठिणगी कामाची असते आणि दुसरी जळका धूर बाहेर पडत असताना फुकट जाते. “म्हणजे निम्म्या ठिणग्या वाया घालवायच्या, आणि याला सुधारणा म्हणायचं?” असे हिने विचारले. तिच्या माहेरी कोथिंबिरीच्या काड्याही वाया घालवत नाहीत. डिस्ट्रिब्युटर मात्र मेस्त्रींच्या आग्रहावरून, जुन्या वायरींसकट, जागच्या जागी राहिला. “राहू द्या साहेब,” ते म्हणाले, “रस्त्यात कोणी बॉनेट उघडलं तर काय दिसेल?” तेव्हापासून तो इंजिनाबरोबर गरगर फिरतो, पण त्याला कोणी काही विचारत नाही. आमच्या सोसायटीच्या माजी अध्यक्षांची तब्येतही अशाच फिरण्यामुळे उत्तम आहे.

जूनमधल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही किल्ली फिरवली. दोन जोड्यांच्या वायरींची अदलाबदल झाली होती, म्हणजे मुहूर्त तब्बल अर्ध्या फेऱ्याने चुकला होता. कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला की पिंपळावरची सारी कबुतरे एकदम उठली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून “गणपती आले का रे?” असे विचारले. वायरी बदलल्यावर गाडी सुरू झाली. पण साधे प्लग ठेवल्यामुळे ठिणग्यांच्या लहरींनी ईसीयूचे चित्त विचलित होई आणि दात मोजता मोजता तो मधेच गणती विसरे. या लहरी दाबणारे रेझिस्टरचे प्लग आणल्यावर त्याची समाधी लागली.

संगणक सांगतो तेव्हाच ठिणगी पडते ना, हे टायमिंग लाइटने ताडून पाहावे लागते. दर ठिणगीला हा दिवा लखकन चमकतो आणि त्यामुळे गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते. आम्ही हे रात्री करीत होतो. सोसायटीच्या आवारात लखलखाट पाहून सेक्रेटरी खाली आले, वाकले आणि “बंदच तर आहे” असे म्हणून पुलीवरची खूण बोटाने दाखवू लागले. मी त्यांचा हात वेळीच धरला. वार्षिक सभेत पार्किंग शुल्काच्या विषयावर ते माझ्या बाजूने बोलतील अशी मला आशा होती. ते त्या प्रसंगाविषयीच बोलले.

खरी परीक्षा पुढेच होती. भाच्याने लॅपटॉपवर एक तक्ता उघडला. आडवे १२ रकाने इंजिनाच्या वेगाचे, उभे १२ भाराचे, एकूण १४४ घरे, आणि दर घरात ठिणगी किती अंश आधी पाडायची तो आकडा. “भर,” तो म्हणाला. ७२ वर्षांच्या परंपरेत हे काम दोन वजने, दोन स्प्रिंगा आणि एक व्हॅक्यूमची डबी कोणालाही न विचारता करीत होती. ‘प्रोग्रॅम करता येते’ याचा अर्थ ‘प्रोग्रॅम करावा लागतो’ असा असतो, हे मला त्या रात्री कळले. इतका अधिकार मला नोकरीतही कधी मिळाला नव्हता, आणि मिळाला असता तर मी तो वरिष्ठांकडे पाठवला असता.

वेग वाढला की ठिणगी आधी का पाडायची, हे मी हिला समजावू लागलो. तिने भाजी निवडता निवडता वाक्य तोडले. “त्यात काय? पाहुणे जितके घाईने येणार, तितका कुकर आधी लावायचा.” मी थक्क झालो. पेट्रोलचे मिश्रण जळायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, पण पिस्टन मात्र वेगाने येऊन ठेपतो. ३,००० फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश पुढे गेलेला असतो. याहून चांगला दाखला मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. मग उत्साहाच्या भरात मी भाराचा विषय काढला आणि सांगितले की अॅक्सिलरेटर हलका असताना मिश्रण विरळ असते, ते सावकाश जळते, म्हणून तेव्हा ठिणगी आणखी आधी पाडावी लागते. “थोड्या तांदळाला जास्त वेळ?” ती म्हणाली. “तुमच्या इंजिनात शिजवणारं कोण आहे?” तो विषय तिथेच थांबला.

आकडे ताडून पाहायला रस्ता हवा. भाचा शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसे आणि गाडी कोणत्या घरात आहे ते सांगे. पंधरा दिवस ऑफिसच्या वेळेत फिरून आम्ही पाहिले, तर १४४ घरांपैकी चारच घरांत वस्ती होती: सिग्नल, पहिला गिअर, सिग्नल आणि खड्डा. उरलेली १४० घरे मुंबईतल्या गुंतवणुकीच्या फ्लॅटांसारखी कुलूपबंद होती. शेवटी रविवारी पहाटे साडेपाचला ईस्टर्न फ्रीवेवर गेलो. तिथे गाडी चौथ्या गिअरमध्ये इतकी मऊ धावली की मला शंका आली आणि मी बाजूला थांबून बॉनेट उघडले. आत पाहण्यासारखे, घासण्यासारखे, फुंकण्यासारखे काहीही नव्हते. मी ऑइल पाहिले आणि बॉनेट लावले.

ऑगस्टमध्ये हिंदमाताला ती बंद पडली. भाचा ठाण्याला, लॅपटॉपही ठाण्याला. पाच मिनिटांत छत्र्यांची गर्दी जमली आणि भिजलेल्या सफारीतले एक गृहस्थ पुढे सरसावले. “डेल्कोत पाणी गेलंय,” त्यांनी निदान केले. हा डेल्को निवृत्त आहे, हे सांगायला मी तोंड उघडले. पण त्यांनी तोवर डेल्कोची टोपी काढली होती, रुमालाने आतून पुसली होती आणि जोराने फुंकरही मारली होती. एकाही वायरीचे दुसरे टोक कुठे जात नाही, याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मग त्यांनी खिशातून स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड काढले, पॉइंटमध्ये सरकवून पाहिले, “गॅप बरोबर आहे” म्हणाले, टोपी लावली आणि बॉनेट धाडकन आपटले. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. (बॅटरीचे टर्मिनल ढिले होते आणि त्या आपटण्याने ते टेकले, हे भाच्याने रात्री शोधून काढले.)

गर्दीने माना डोलावल्या. मी मनापासून आभार मानले. त्या गृहस्थांनी ते कार्ड खिडकीतून माझ्या हातात दिले आणि “काही लागलं तर फोन करा” असे सांगून ते पावसात दिसेनासे झाले. कार्डावर ठळक लाल अक्षरांत ‘केटरिंग’ असे छापले होते आणि खाली बारीक अक्षरांत लग्न, मुंज, डोहाळजेवण. मी ते दोन बोटांत धरून पाहिले. चांगले जाड होते. मेस्त्रींसाठी राखून ठेवले आहे.